चार जाणकारांची पिकअप

कुवेतमध्ये राहून गाडीचं अ‍ॅव्हरेज विचारणारा माणूस मला पूर्वी विनोदी वाटायचा. एकोणीस वर्षं तेच ऐकल्यावर विनोद आटला आणि नुसता वैताग उरला. इथे पंपावर पेट्रोल भरताना कोणी मीटरकडे मान वळवून बघत नाही. पाण्याची बाटली घेताना आमचे लोक जास्त विचार करतात. पण पार्किंगमध्ये नवी गाडी दिसली की आमच्या मराठी पुरुषांचा पहिला प्रश्न ठरलेला, अ‍ॅव्हरेज किती देते. दुसरा, रीसेल कसा आहे. गाडीत बसून बरं वाटतं का, हे मी आजवर एकाच्याही तोंडून ऐकलेलं नाही.

मला पिकअप हवी होती. लहान, चार दारांची, मागे उघडा हौदा असलेली. त्यामागचं कारण सांगायला थोडं मागे जावं लागेल.

मी इथल्या एका हॉस्पिटलात डायलिसिस विभागात टेक्निशियन आहे. आठवड्यातून तीनदा येणाऱ्या रुग्णांशी जेवढी ओळख होते तेवढी शेजाऱ्यांशी होत नाही. त्यांतले एक म्हातारे कुवेती गृहस्थ मशीनला लावलं की डोळे मिटायचे आणि वफ्र्यातल्या, म्हणजे दक्षिणेकडच्या शेतीच्या पट्ट्यातल्या, आपल्या शेताबद्दल बोलायला लागायचे. माझं अरबी मोडकंतोडकं, त्यांना इंग्रजी येत नव्हतं, पण पाणी, माती, भेंडी, कीड एवढ्या शब्दांवर आमचं छान भागायचं. ते गेल्यावर महिन्याभराने त्यांच्या बायकोने मला शेतावर बोलावून घेतलं आणि ग्रीनहाऊसचा एक कोपरा दाखवला. "हा तुझा. त्यांनी सांगून ठेवलं होतं," म्हणाल्या. त्यांना मी खालती म्हणते, म्हणजे मावशी. तीन वर्षं झाली, त्या कोपऱ्यात मी अळू, अंबाडी, माठ आणि गवार लावते. आमच्या घराला पुरून उरतं ते वाटून टाकते.

गेल्या मे महिन्यात खालतींनी विचारलं, अख्खं ग्रीनहाऊस सांभाळतेस का. त्यांची मुलं शहरात, कोणालाच मातीत हात घालायची हौस नाही. अट एकच, निदान तीन हिवाळे राहायचं. आधी ज्याला दिलं होतं तो एका मोसमात ठिबकच्या नळ्या अर्धवट टाकून आपल्या देशाला निघून गेला होता. "मला पाहुणे नकोत," त्या म्हणाल्या. "सप्टेंबर संपायच्या आत सांग. रोपं लावायची वेळ तीच."

घरी येताना मी हायवेवर गाणं म्हणत होते. मला ते ग्रीनहाऊस हवं होतं. त्याहून जास्त, तीन हिवाळे मी इथेच आहे, असं कोणाला तरी ठामपणे सांगून टाकायचं होतं. आमच्या घरात असं वाक्य कधी कोणी बोललेलंच नव्हतं.

नवऱ्याला सांगितलं. तो एका बँकेत आयटीत आहे, मूळचा पुण्याचा, स्वभावाने गरीब. त्याने चष्मा काढून पुसला आणि म्हणाला, "तीन हिवाळे? पण आपण दोन वर्षांत परत जाणार ना?"

हे 'दोन वर्षांत' आमच्या संसाराइतकंच जुनं आहे. विमानातून उतरलो तेव्हा दोन वर्षांत जाणार होतो. मुलगी झाली तेव्हा दोन वर्षांत, ती शाळेत गेली तेव्हाही दोन वर्षांत. आता ती कॉलेजला परदेशात आहे आणि फोनवर मराठीत विचारलं तर इंग्रजीत उत्तर देते, तरी आमची दोन वर्षं उरलेलीच आहेत. इकामा, म्हणजे इथे राहण्याची परवानगी, दर वेळी वाढत गेला, आमचा मुक्काम मात्र तात्पुरता तो तात्पुरताच राहिला. भिंतीला खिळा ठोकायचा नाही, कारण घर सोडताना भोक बुजवावं लागतं. सोफा गडद रंगाचा, कारण डाग पडलेला सोफा विकला जात नाही. एका खोलीत छतापर्यंत खोकी रचलेली आहेत, टीव्हीची, मिक्सरची, ओव्हनची, आतल्या थर्माकोलसकट. वस्तू मूळ खोक्यात दिली की भाव येतो म्हणे. त्यांतलं एक खोकं ज्या टीव्हीचं आहे तो टीव्ही भंगारात जाऊन दहा वर्षं झाली. मी एकदा ते फेकायला काढलं तर नवऱ्याने जिन्यातून परत आणलं. वर म्हणाला, चांगलं मजबूत आहे.

हे एकट्या आमच्याच घरात असतं तर मी त्याला नवऱ्याचा स्वभाव म्हटलं असतं. पण ओळखीच्या प्रत्येक मराठी घरात अशी एक खोली आहे. शिकलेली, पगारदार, चार देश फिरून आलेली माणसं, आणि आयुष्य जगतात ते गिऱ्हाइकाला दाखवण्यासाठी जपून ठेवल्यासारखं.

तर, अख्खं ग्रीनहाऊस सांभाळायचं म्हणजे खत न्यायला पिकअप हवीच होती, आणि तिला नवरा नाही म्हणाला नाही. माझ्या डब्यासारख्या गाडीच्या डिकीत शेणखताची पोती नेऊन नेऊन तिला जो वास लागला होता, तो त्याच्या ऑफिसच्या कपड्यांनाही लागायला लागला होता. शिवाय पैसे माझ्या पगारातून जाणार होते. "घेऊ," तो म्हणाला, "पण नीट विचार करून घेऊ." आणि ते मॉडेल दोन इंजिनांत मिळतं हे कळल्यावर त्याचा चेहरा खुलला. एक हायब्रिड, म्हणजे पेट्रोल इंजिनाच्या जोडीला बॅटरी आणि मोटर. दुसरं टर्बो, नुसतं पेट्रोलवर चालणारं, लहान पण जोरकस. विचार करायला आता रीतसर विषय मिळाला होता.

विचार करायला दर शुक्रवारी दुपारी आमच्याकडे चार जण जमायला लागले. माझा नवरा धरून चार. दुसरे त्याच्याच बँकेतले भाऊजी, ज्यांना जेवणाच्या ताटात काय आहे तेही एक्सेलमध्ये घातल्याशिवाय कळत नाही. तिसरे शुऐब्याच्या एका कारखान्यात इंजिनिअर आहेत. हुद्दा मेकॅनिकल, पण गाडीच्या वायपरचं पाणी संपलं तरी गॅरेजला फोन करतात. चौथे सगळ्यांत जुने, सगळे त्यांना दादा म्हणतात, आणि त्यांना प्रत्येक गोष्टीतलं आधीच माहीत असतं.

बँकवाले भाऊजी हायब्रिडच्या बाजूचे. त्यांनी पहिल्याच शुक्रवारी लॅपटॉप उघडून किलोमीटर, लिटर आणि वर्षं यांचा एक तक्ता केला. त्यात हायब्रिडने किती पेट्रोल वाचेल ते हिरव्या रंगात होतं. पेट्रोल वाचवून त्याचं करायचं काय, हे मी विचारलं. ते म्हणाले, "वहिनी, प्रश्न पैशाचा नाही, तत्त्वाचा आहे." आमच्या दारात त्यांची स्वतःची जी गाडी उभी होती तिला आठ सिलिंडर आहेत.

शुऐब्याचे इंजिनिअर टर्बोचे. ताकाचा पेला हातात धरून ते टॉर्क या शब्दाचा इतक्या वेळा उच्चार करायचे की पुढे पुढे मला तो एखाद्या पोटाच्या औषधाचा वाटायला लागला. कुवेत परातीसारखा सपाट आहे. इथे चढ म्हणजे फ्लायओव्हर. त्यांचं रोजचं जाणं-येणं कंपनीच्या बसने, आणि तरी घाट चढताना टर्बोच लागते यावर ते ठाम. कोणता घाट, हे कोणीच विचारलं नाही.

दादांचं मत वेगळं. त्यांचं नेहमीच वेगळं असतं. "दोन्ही नको. थांबा. नवीन मॉडेल येतंय." गेल्या वीस वर्षांत दादांनी कोणालाही काहीही विकत घेऊ दिलेलं नाही.

आणि माझा नवरा. तो सगळ्यांचं ऐकून घ्यायचा, मान डोलवायचा आणि शेवटी एकच विचारायचा, "पण दोन वर्षांनी विकायला कुठली बरी?" मग चौघं पुन्हा पहिल्यापासून सुरू. हायब्रिडची बॅटरी जुनी झाली की गिऱ्हाईक घाबरतं. टर्बो इथल्या उन्हात तापते, तेल वेळेवर बदललं नाही तर बसते, गिऱ्हाईक त्यालाही घाबरतं. हे न दिसणारं, घाबरट गिऱ्हाईक जून, जुलै आणि ऑगस्टभर माझ्या दिवाणखान्यात ठाण मांडून होतं, आणि त्याच्यासाठी मी दर शुक्रवारी बटाटेवडे तळत होते.

एकदा न राहवून मी स्वयंपाकघराच्या दारातून विचारलं, "गाडी चालवणार कोण आहे?"

"तुम्हीच की वहिनी," इंजिनिअर म्हणाले. "म्हणून तर एवढा विचार चाललाय." आणि पुढच्याच वाक्यात, "चहा टाकलाय का?"

ऑगस्टच्या शेवटी चौघं मला न सांगता शोरूम बघून आले. मला कळलं ते त्यांनी आणलेल्या पेनांवरून आणि की-चेनवरून. गाडीत कोण कोण बसून बघितलं, असं विचारल्यावर चौघंही एकमेकांकडे बघायला लागले. बसलं कोणीच नव्हतं. किल्ली मागितली की नाव-नंबर द्यावा लागतो, मग ते फोन करून भंडावतात, म्हणून चौघांनी गाडीला बाहेरून दोन चकरा मारल्या, टायर बुटाने दाबले आणि ब्रोशर घेऊन परत आले. हे सगळे मोठ्या हुद्द्यावर आहेत, माणसं त्यांच्या सहीसाठी ताटकळतात, हे मला स्वतःला बजावून सांगावं लागलं.

त्या आठवड्यात खालतींचा फोन आला. सप्टेंबर लागला, त्या म्हणाल्या, दुसरा एक जण विचारतो आहे. मी सांगितलं, गाडीचं ठरलं की कळवते. फोन ठेवल्यावर मला इतका राग आला की मी न्हाणीघरात जाऊन नळ सोडला आणि रडले. राग नवऱ्याचा होता, त्या तिघांचा होता, पण त्याहून जास्त माझा स्वतःचा. वडे कोण तळत होतं?

शनिवारी सकाळी मी वफ्र्याला गेले. खालतींच्या शेतावरचा मुकादम बिहारचा आहे, कित्येक वर्षं तिथेच आहे, शेतातल्या सगळ्या गाड्या, पंप, जनरेटर तोच दुरुस्त करतो. त्याला विचारलं, हायब्रिड घेऊ की टर्बो.

तो म्हणाला, "रोड पे चलाना है कि रेत में, मैडम?"

"दोनों."

"वजन?"

"आठ-दस बोरी."

"तो चारों पहिया खींचे, वो लेना. ग्रीनहाऊस के आगे रेत नरम है, सिर्फ आगे का पहिया खींचे तो गाड़ी बैठ जाएगी. और जो भी लो, हवा की जाली साफ रखना. धूल दोनों को मारती है."

एवढं बोलून तो पंपाकडे गेला. तीन महिन्यांत आमच्या चौघांपैकी एकानेही वाळूचं नाव काढलं नव्हतं, आणि आम्ही राहतो वाळवंटात.

पुढच्या शनिवारी मी चौघांनाही शोरूमला यायला सांगितलं. ते खूश झाले. त्यांना वाटलं, मी सल्ला मागते आहे. त्या मॉडेलमध्ये हायब्रिड फक्त पुढच्या चाकांवर चालत होती आणि टर्बो चारही चाकांवर मिळत होती, हे मी आधीच फोनवर विचारून ठेवलं होतं. सेल्समन माझ्याकडे पाठ करून नवऱ्याला सांगायला लागला की मॅडमसाठी हायब्रिड एकदम स्मूथ. मी परवाना त्याच्या हातात ठेवला, किल्ली घेतली आणि चौघांना म्हटलं, "बसा. नवरा पुढे, बाकीचे मागे."

"आम्ही कशाला?" दादा म्हणाले.

"वजन म्हणून," मी म्हणाले. सेल्समन शेणखताची पोती काही ठेवू देणार नव्हता. सेल्समनला जागा उरली नाही, तो दारातच राहिला.

खरं सांगायचं तर हायब्रिड मला मनापासून आवडली. दिवसभर मी मशिनांच्या घरघरीत आणि अलार्मच्या पिंपिंमध्ये उभी असते. ही गाडी सिग्नलला थांबली की इंजिन आपोआप बंद व्हायचं, एसी गार तो गारच. एगैलाच्या मॉलसमोरच्या सिग्नलला अशी शांतता पसरली की मागच्या तिघांना बोलायचं सुचेना. मग बँकवाले भाऊजी हळूच म्हणाले, "बघा, आत्ता खर्च शून्य." आणि ती शांतता संपली.

पुढे रस्त्याच्या कडेला एक मोकळं, वाळूचं मैदान आहे. मी गाडी सरळ त्यात घातली. नवऱ्याने दाराची मूठ धरली. पन्नासेक पावलं गेली असेल, मागे तीन भरभक्कम माणसं बसलेली, पुढची चाकं गरगरली आणि आपल्यासाठी खड्डा खणून त्यात बसली.

"उतरा," मी म्हणाले.

ते दृश्य मी विसरणार नाही. सप्टेंबरातलं ऊन, चार उच्चशिक्षित पुरुष, इस्त्रीचे शर्ट, पायात सँडल, आणि चौघं मिळून एका लहानशा पिकअपला ढकलतायत. दादा ढकलत नव्हते, कसं ढकलायचं ते सांगत होते. इंजिनिअरांच्या तोंडात वाळू गेली आणि तीन महिन्यांत पहिल्यांदा ते टॉर्कबद्दल काही बोलले नाहीत. मी आरशातून बघत होते. मला कोणाचीही दया आली नाही.

टर्बो त्याच वाळूतून, तेवढंच वजन घेऊन, गुरगुरत आरपार गेली. हायब्रिडसारखी ती लाघवी नव्हती. आवाज होता, पाय जरा जोरात पडला की उडी मारत होती. पण मला खत न्यायचं होतं, आणि मला अंगणात उभी करायला गाडी नको होती. फ्लायओव्हरवरून येताना इंजिनिअर रुमालाने तोंड पुसत म्हणाले, "मी जूनपासून हेच सांगत होतो." भाऊजी म्हणाले, अ‍ॅव्हरेज मार खाणार. दादा म्हणाले, चारही चाकांची हायब्रिड येते आहे असं ऐकलंय, थांबलात तर बरं. मी तिघांना त्यांच्या गाड्यांपाशी सोडलं आणि घरी जायला सांगितलं. चहाला बोलावलं नाही.

नवरा मात्र थांबला. शोरूममधल्या काचेच्या टेबलापाशी तो माझ्या शेजारी बसला होता, सँडलमधली वाळू गालिच्यावर पडू नये म्हणून पाय अधांतरी धरून. मी तिथूनच खालतींना फोन लावला. "तीन हिवाळे," मी म्हणाले. "मी सांभाळते."

"इन्शाल्ला नको म्हणूस," त्या म्हणाल्या. "हो म्हण."

"हो," मी म्हणाले. नवरा ऐकत होता. अरबी त्याला माझ्यापेक्षा जरा जास्तच कळतं. त्याने फक्त चष्मा काढून पुसला. मला वाटलं, जिंकले. एकोणीस वर्षांत पहिल्यांदा मी या देशात नीट पाय टेकवून बसले आहे, असंही वाटलं.

सेल्समन फॉर्म घेऊन आला. त्याने रंगांच्या छोट्या छोट्या पट्ट्या टेबलावर पसरल्या. त्यांत एक विटकरी होती, ओल्या जांभ्या दगडासारखी, माझ्या माहेरच्या कोकणातल्या वाटेची. मी ती उचलली, बोटांत धरली, उजेडात फिरवून बघितली. इतका सुंदर रंग मी गाडीवर कधी बघितला नव्हता.

"कलर, मॅडम?"

"व्हाइट," मी म्हणाले.

विचार केला नव्हता. विचार करायला वेळही घेतला नव्हता. शब्द आपणहून बाहेर आला, आपला इकामा नंबर यावा तसा. विटकरी पट्टी अजून माझ्या बोटांतच होती.

"बेस्ट चॉइस, मॅडम," सेल्समन लिहिता लिहिता म्हणाला. "रीसेल में व्हाइट टॉप."

नवऱ्याने माझ्याकडे बघितलं. मला टोमणा मारायचा त्याला पुरेपूर हक्क होता. तीन महिने, नाही, एकोणीस वर्षं मी त्याला तोंडावर आणि पाठीमागे घालूनपाडून बोलत आले होते. तो एक शब्द बोलला असता तरी मी भांडले असते, आणि भांडणाच्या भरात रंग बदललाही असता. पण त्याच्या चेहऱ्यावर विजय नव्हता. बरं वाटल्यासारखा दिसत होता तो, बऱ्याच दिवसांनी कोणी सोबतीला आल्यासारखा. त्याने टेबलाखाली माझा हात थोपटला आणि म्हणाला, "बरोबर आहे तुझं. विकायला सोपी जाईल."

सेल्समनचं लिहून व्हायचं होतं. बदल म्हणायला एक शब्द पुरला असता. मी पट्टी बाकीच्या पट्ट्यांत ठेवली, पेन घेतलं आणि सही केली.

पिकअप आली. रोपं वेळेत लागली, ग्रीनहाऊस माझ्याकडे आहे, वाळूतून गाडी व्यवस्थित जाते. लोक विचारतात, पांढरी का घेतली. मी सांगते, उन्हामुळे. इथे ऊन आहे, त्यामुळे ते सगळ्यांना पटतं.